कबनूरची एकदांडी

फुले पाहायची म्हणजे माणसाने काय काय करावे! गेल्या वर्षी भाद्रपदात आम्ही उभयता कासच्या पठारावर जाऊन आलो. पुण्याहून मोटार ठरवली, आगाऊ तिकिटे काढली, रांगेत उभे राहिलो, छत्री असून भिजलो आणि सोनकीचा पिवळाधमक गालिचा पाहून धन्य होऊन परतलो. २०१२ साली ‘युनेस्को’ने सह्याद्रीच्या ज्या भागांना जागतिक वारसा म्हणून मान दिला त्यांत कासही आहे, तेव्हा धन्य होणे भागच होते. परतताना सौभाग्यवतींनी विचारले, “तुमच्या कबनूरला असले काही फुलत नाही वाटतं?”

“कबनूरला?” मी हसलो. “तिथे फक्त यंत्रमाग खडखडतात!”

हे उत्तर किती अडाणीपणाचे होते ते महिनाभरातच कळले. सोनकीची एक चुलत बहीण आमच्या घरामागच्या परड्यात माझ्या जन्माआधीपासून फुलत होती. तिला पाहायला तिकीट नव्हते, रांग नव्हती. म्हणूनच बहुधा मी तिच्याकडे कधी पाहिले नव्हते. तिची माझी खरी ओळख झाली ती एका कागदावर सही करण्याच्या निमित्ताने. हकीकत थोडी घरगुती आहे. पण दिवाळी अंकाचे वाचक म्हणजे घरचीच माणसे, तेव्हा सांगायला हरकत नाही.

आमचे कबनूरचे घर दादांकडे, म्हणजे माझ्या थोरल्या भावाकडे आहे. घरामागे मागांची जुनी शेड आणि तिच्या मागे पाचसहा खणांचे उघडे परडे. आई गेली त्या वर्षी, तेराव्याच्या जेवणानंतर, दादांनी परड्याचा विषय काढला. मुलाला नवे, बिनधोट्याचे माग टाकायचे आहेत. जुन्या शेडीत ते मावत नाहीत. परडे धरून नवी शेड बांधायची. तर तू तुझ्या वाटणीचे हक्कसोडपत्र करून दे. मागणी गैर नव्हती. वेळ मात्र गैर होती, असे मला त्या दिवशी वाटले. “आईची राख अजून थंड झाली नाही,” असे काहीतरी मी बोललो, दादाही काही बोलले आणि मी त्याच संध्याकाळची गाडी धरली. त्याला तीन वर्षे झाली. तीन वर्षांत आमचे बोलणे म्हणजे दिवाळीला एक फोन. “बरे आहात ना?” “बरे आहोत.” संपले.

गेल्या वर्षी नवरात्रात मात्र फोन अवेळी वाजला. “खंडेनवमीला ये,” दादा म्हणाले. “जुन्या मागांची ही शेवटची पूजा. पुढच्या साली हे माग भंगारात जाणार. सही कर, नको करू, पूजेला ये.”

मी निघालो. हातकणंगले स्टेशनात उतरलो तेव्हा ऊन चढले होते. मिरजेहून कोल्हापूरला जाणारा हा लोहमार्ग १८९१ सालचा. लहानपणी ह्या फलाटावर वडिलांचे बोट धरून आम्ही सुताची गाठोडी मोजलेली आहेत. ह्या वेळी मोजायला काही नव्हते, म्हणून रुळांकडे पाहत उभा राहिलो. रुळांच्या बाजूच्या खडीत, जिथे मातीचा कण दिसत नव्हता तिथे, एक हिरवे झुडूप आडवे पसरले होते. त्यातून वीत-वीतभर उंचीच्या बारीक दांड्या ताठ उभ्या होत्या आणि प्रत्येक दांडीच्या टोकाला शर्टाच्या गुंडीएवढे एकेक पिवळे फूल. गाडी गेली तशी सगळी फुले एकदम वाऱ्याने वाकली आणि पुन्हा उभी राहिली. ‘अरेच्चा, ही तर आपली एकदांडी!’ एवढेच मनात आले आणि मी रिक्षाकडे वळलो.

कबनूर हे मोठे गमतीचे गाव आहे. जनगणनेचे लोक त्याला शहर म्हणतात आणि राहणारे गाव म्हणतात. इचलकरंजी कुठे संपते आणि कबनूर कुठे सुरू होते हे परक्याला सांगता यायचे नाही. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला, संस्थानचे अधिपती नारायणराव घोरपडे यांनी ह्या धंद्याला पाठबळ दिले आणि बघता बघता सारा मुलूख मागावर बसला. इचलकरंजी २०२२ साली महानगरपालिका झाली. शेजारचे कबनूर आपले माग, आपला ऊस आणि आपले बोळ सांभाळून आहे. एका अंगाला पंचगंगेच्या खोऱ्यातली काळी जमीन, तिच्यात ऊस; दुसऱ्या अंगाला पत्र्याच्या शेडींची रांग. दिवसरात्र ‘खटाक-खट, खटाक-खट’. बाहेरून आलेल्याला पहिल्या रात्री झोप येत नाही. आणि इथल्या माणसाला परगावी गेल्यावर पहिल्या रात्री झोप येत नाही.

दारात वहिनी उभ्या होत्या. “आलासा व्हय भाऊजी!” एवढेच म्हणून त्यांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. दादा शेडीत होते. “आलास? हातपाय धू. जेव आधी,” हे त्यांचे स्वागत. सहीचा विषय कुणी काढला नाही आणि न काढलेला तो विषय ताटाशेजारी पाट मांडून बसल्यासारखा आमच्यात बसला.

कोंडी फोडली ती दादांच्या नातीने. पोरगी आठवीत. शाळेत बाईंनी काम दिले होते : आपल्या घराच्या शंभर पावलांत आपोआप उगवणारी दहा फुलझाडे ओळखा, वाळवून वहीत चिकटवा, नावे लिहा. “पुण्याचे आजोबा, तुम्ही चला,” असे म्हणून तिने मला परड्यात ओढले. तिच्याजवळ एक भिंग, जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि फोन. माझ्याजवळ अज्ञान. अशी आमची मोहीम निघाली.

परड्यात पाऊल टाकले आणि थबकलो. जमीन दिसत नव्हती. विटांच्या ढिगावर, मोडक्या बीमच्या आजूबाजूला, भिंतीच्या भेगांत, पायवाटेच्या दोन्ही कडांना एकदांडीच एकदांडी. दोनतीनशे दांड्या सहज असतील. त्यांच्यावर लहान लहान निळी आणि पिवळी फुलपाखरे इकडून तिकडे उतरत होती. कासला आम्ही पाहिली त्यापेक्षा इथे फुलपाखरेच जास्त होती!

“हे कुठले फूल?” पोरीने परीक्षा घेतली.

“एकदांडी. काही लोक दगडी पालाही म्हणतात. आणि कंबरमोडी.”

“तीन नावे का?”

ह्या प्रश्नाचे उत्तर मला त्याच ठिकाणी, झाडाकडे पाहूनच सापडले. दांडीला फाटा नाही, पान नाही. एका दांडीवर एकच फूल, म्हणून एकदांडी. दगडात, खडीत, पडक्या भिंतीत वाढते, म्हणून दगडी पाला. आणि खोड जमिनीवर आडवे झोपते, मग मधूनच वर उठते, जणू म्हातारी कमरेत वाकली आहे, म्हणून कंबरमोडी असावे. गंमत पुढेच आहे. ह्या झाडाचे शास्त्रीय नाव ‘ट्रायडॅक्स प्रोकंबेन्स’. लिनीयस ह्या स्वीडिश पंडिताने १७५३ साली आपल्या ग्रंथात ते दिले. ‘ट्रायडॅक्स’चा अर्थ तीन दातांचे असा सांगतात आणि ‘प्रोकंबेन्स’ म्हणजे जमिनीवर लोळणारे. युरोपातल्या पंडिताने लॅटिनमध्ये जे म्हटले तेच आपल्याकडच्या निनावी बायाबापड्यांनी ‘कंबरमोडी’ म्हणून सांगितले. दोघांनी एकमेकांना विचारलेले नव्हते. दोघांनी झाडाकडे नीट पाहिले होते, एवढेच.

“तीन दात कुठे आहेत?” पोरीने भिंग पुढे केले.

तिने एक फूल खुडले आणि आम्ही दोघे पायरीवर बसलो. कडेला फिकट पिवळ्या, जवळजवळ दुधी रंगाच्या पाच पाकळ्या. भिंगातून पाहिले तर प्रत्येक पाकळीच्या टोकाला दोन खाचा, म्हणजेच तीन दात. मध्ये गडद पिवळे बटण. ते बटण तिने नखाने फोडले आणि ओरडली, “आजोबा, ह्यात तर फुलेच फुले आहेत!”

खरेच होते. आपण ज्याला एकदांडीचे एक फूल म्हणतो ते एक फूल नव्हेच. तो एक फुलांचा वाडा आहे. मधले बटण म्हणजे नळीसारख्या चिमुकल्या फुलांची दाटी. चाळीस-पन्नास तरी असावीत. त्यांना बिंबपुष्पके म्हणतात. कडेची प्रत्येक ‘पाकळी’ हेही एक स्वतंत्र फूलच, त्याचे नाव किरणपुष्पक. कडेच्या फुलांत फक्त स्त्रीकेसर असतात, मधल्या फुलांत स्त्रीकेसर आणि पुंकेसर दोन्ही. कडेची मंडळी आपली रुंद पाकळी पसरून कीटकांना बोलावतात आणि आत बसलेल्यांचाही पाहुणचार होतो. बिंबातली फुले एकदम उमलत नाहीत. बाहेरच्या ओळीपासून आतल्या ओळीकडे क्रमाने उमलतात. त्यामुळे एका दांडीवरचा पाहुणचार बरेच दिवस चालतो. ह्या सगळ्या बिऱ्हाडाला खालून हिरव्या, लवदार पाकळ्यांसारख्या छदांचा द्रोण धरून ठेवतो.

ही रचना ज्या कुलाची ओळख आहे त्याला सूर्यफुलाचे कुल म्हणतात. वनस्पतिसृष्टीतल्या सर्वांत मोठ्या दोन कुलांपैकी हे एक. दुसरे आमराईत झाडांवर लटकणाऱ्या ऑर्किडांचे. तीस हजारांहून अधिक जाती ह्या कुलात आहेत. शेवंती त्यातली, सूर्यफूल त्यातले, करडई आणि कारळे त्यातले, कासची सोनकी त्यातलीच. आणि ज्याने आपल्या देशाला खाज आणि शिंका दिल्या ते गाजरगवतही त्यातलेच. पुण्याच्या परिसरात १९५०च्या दशकात ते अभ्यासकांच्या नजरेत आले आणि नंतर देशभर पसरले. ते आवरण्यासाठी १९८४ साली मेक्सिकोतला एक भुंगेरा बंगळूरला आणून सोडावा लागला. मोठ्या कुटुंबात एखादा असा निघतोच.

परड्यातले एक फूल पिकून सुकले होते. पोरीने फुंकर मारताच त्यातून पांढुरक्या तंतूंच्या छत्र्या सुटल्या. प्रत्येक छत्रीखाली दोनएक मिलिमीटरचे काळपट बी. “म्हातारी उडाली!” असे मी ओरडलो आणि साठ वर्षांपूर्वी इथेच उभे राहून असेच ओरडलो होतो ते आठवले. मागाच्या शेडीत कापसाचे तूस उडते ना, अगदी तशीच ती छत्री. शेडीच्या खिडकीतून आत गेली तर कुठले तूस आणि कुठले बी हे सांगता येऊ नये. एका झाडाला अशा हजाराहून अधिक बिया धरू शकतात. शिवाय खोड जिथे जमिनीला टेकते तिथे सांध्यातून मुळे फुटतात. वरून वारा, खालून मुळे. मग परडे तिचे झाले तर नवल काय?

मात्र तिला सगळीकडे चालत नाही. आमच्या मोहिमेत हे दिसून आले. उसाच्या दाट सावलीत ती नव्हती. ओढ्याच्या चिखलात नव्हती. तिला हवे असते उघडे ऊन आणि पाण्याचा निचरा. तिचे बी उजेडावाचून नीट रुजत नाही, असे अभ्यासकांना आढळले आहे. म्हणून रस्त्याची कड, बांध, रुळांची खडी, पडके घर, नुकती उकरलेली जागा हे तिचे मुक्काम. जंगल तिचे नव्हे. माणूस जिथे जमीन विस्कटतो तिथे ती त्याच्या मागोमाग येते.

संध्याकाळी वहीत दहा झाडे भरली आणि स्वयंपाकघरात एक स्फोट झाला. वहिनी केसांच्या तेलासाठी माका उकळत होत्या. शेजारच्या पोराने आणून दिलेली ती जुडी पोरीने भिंगाखाली धरली आणि जाहीर केले, “आजी, हा माका नाही. ही एकदांडी आहे!”

“गप गं! इतकी वर्षं तेल करत्ये मी.”

पण पोरगी बरोबर होती. माका आणि एकदांडी एकाच कुलातली, दोघींची पाने समोरासमोर, दोघी खरखरीत. घाईत फसगत होते. औषधाच्या व्यवहारातही भृंगराज, म्हणजे माका, म्हणून एकदांडी दिली गेल्याच्या नोंदी आहेत. फरक सोपा आहे, वाचकांनी लक्षात ठेवावा. माका ओलाव्याच्या जागी वाढतो, त्याची फुले पांढरी आणि आखूड देठाची, त्याच्या बीला छत्री नसते, आणि त्याचे खोड चुरडले की थोड्या वेळात रस काळा पडतो. एकदांडीची दांडी लांब, फूल पिवळे, बीला छत्री. वहिनींनी दोन्ही खोडे चुरडून, काळा रस पाहून खात्री करून घेतली, कढई उतरवली आणि म्हणाल्या, “तरीच गेल्या साली तुमच्या दादांचे केस गळले!” तीन वर्षांत त्या घरात मी दादांना प्रथमच हसताना पाहिले.

रात्री अंगणात खाटा टाकल्या. पोरीने फोनवर काहीतरी वाचून दाखवायला सुरुवात केली, आणि मला धक्का बसला. आमची एकदांडी मुळात आमची नव्हेच! तिचे माहेर मेक्सिको आणि मध्य अमेरिका. लिनीयसने आपल्या ग्रंथात तिचे ठिकाण दिले आहे ते मेक्सिकोतले व्हेराक्रूझ बंदर. म्हणजे चरकाला ती ठाऊक नव्हती, सुश्रुताला नव्हती, शिवाजी महाराजांच्या मावळ्यांनी जखमेला तिचा रस लावला असेल असे कुणी म्हटले तर त्यालाही पुरावा नाही. आज ती उष्ण प्रदेशांत जगभर पोचली आहे. तेलुगू मुलखात तिला ‘गड्डी चामंती’, म्हणजे गवती शेवंती म्हणतात. इंग्रज तिला कोटाची बटणे म्हणतात. आणि अमेरिकेच्या सरकारने तर तिचे नाव उपद्रवी तणांच्या यादीत घातले आहे.

“म्हणजे ही परकी,” पोरगी हिरमुसून म्हणाली. “वहीत ठेवू का नको?”

मला उत्तर सुचेना. ते दादांनी दिले. ते उद्याच्या पूजेचे हार करीत बसले होते. मांडीवर झेंडूचा ढीग. “हा झेंडू कुठला ते बघ की त्यात,” ते म्हणाले.

तिने पाहिले. झेंडूही मेक्सिकोचा! आपला दसरा ज्याच्यावाचून सुना, आपले लक्ष्मीपूजन ज्याच्यावाचून अडते, तो झेंडू त्याच मुलखातून, त्याच सूर्यफुलाच्या कुलातून समुद्र ओलांडून आला. त्याच वाटेने मिरची आली. ती नसती तर कोल्हापूरच्या तांबड्या रश्श्याचे काय झाले असते याची कल्पना करवत नाही. मेक्सिकोत आजही नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवशी लोक आपल्या गेलेल्या माणसांसाठी घरात मखर मांडतात आणि झेंडूच्या फुलांची वाट घालतात, म्हणजे त्या वाटेने ती माणसे घरी येतात अशी त्यांची श्रद्धा. पोरीने हे वाचले तेव्हा आम्ही दोघे भाऊ काही बोललो नाही. दादा झेंडू ओवत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, “आईला झेंडू लई आवडायचा.”

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. माग पुसून, तेलपाणी करून थांबवले होते. लहानपणापासून ज्या शेडीत कधी शांतता ऐकली नाही तिथे फुलपाखराचे पंख ऐकू यावेत अशी शांतता. धोट्यांना हळदकुंकू वाहिले, मागांना हार घातले. वर एक हार अडकवायला दादा चढले आणि पत्र्याची कड त्यांच्या तळव्यात घुसली. रक्ताची धार लागली. माझे हातपाय गळाले. वहिनी फडके शोधू लागल्या. दादा मात्र शांतपणे परड्यात गेले, ओंजळभर एकदांडीचा पाला उपटला, चोळला आणि हिरवा रस जखमेवर पिळू लागले.

ते पाहताना साठ वर्षे मागे गेलो. मी सातआठ वर्षांचा असेन. एकदांडीची दांडी तिच्याच फुलाभोवती गुंडाळून झटका दिला की फूल बंदुकीच्या गोळीसारखे उडते. हा खेळ खेळत मी चालू मागापाशी गेलो. धोटा उसळला. माझ्यावर येणारा तो धोटा दादांनी हाताने अडवला. त्यांच्या अंगठ्याची वण आजही आहे. त्या दिवशी आईने हाच पाला, ह्याच परड्यातून आणून, असाच पिळला होता. ही गोष्ट मला ठाऊक होती. पण ठाऊक असणे आणि आठवणे यांत फरक आहे. तेराव्याच्या दिवशी ती मला आठवली नव्हती.

“अहो आजोबा, धुवा आधी ते!” पोरगी ओरडली आणि तिचेच बरोबर होते. एकदांडीच्या अर्काने जखम भरून यायला मदत होते का, हे शास्त्रज्ञांनी १९८० नंतर उंदरांवर प्रयोग करून तपासले आहे आणि काही प्रयोगांत गुण दिसला आहे. पण प्रयोगशाळेतला स्वच्छ अर्क वेगळा आणि परड्यातला मातीने भरलेला पाला वेगळा. धनुर्वाताचे जंतू मातीतच राहतात आणि पत्र्याची जखम खोल असते. साबणाने हात धुऊन, फडके बांधून मी दादांना दवाखान्यात नेले. तीन टाके पडले, धनुर्वाताची सुई टोचली. डॉक्टरांनी तळव्यावरचा हिरवा डाग पाहिला आणि काही न बोलता पुसला. त्यांनी तो रोज पाहिला असावा.

परत येताना रिक्षात दादा म्हणाले, “त्या दिवशी मी चुकलो. आईच्या तेराव्याला तो विषय काढायचा नव्हता.”

मी त्यांच्या अंगठ्याकडे पाहत होतो. “मीही तीन वर्षं यायला नको होतं असं थोडंच होतं,” असे काहीसे वेडेवाकडे वाक्य माझ्या तोंडून निघाले. त्यांना ते समजले.

दसरा झाला आणि कचेरी उघडताच आम्ही दोघे जाऊन हक्कसोडपत्र नोंदवून आलो. अट घालायची नाही असे ठरवले होते. तरी घरी आल्यावर राहवेना. म्हणालो, “दादा, भिंतीकडेला हातभर पट्टा कोब्यावाचून सोडाल का? एकदांडीला.”

दादा हसले. “सोडीन की. पण तिला काय गरज आहे गा? ती कोब्यातनं बी येतीया.”

चैत्रात काम सुरू झाले. परडे खणले, पाया भरला, विटांचा ढीग हलला. पोरीचे फोटो येत होते. त्यांत कुठे एक हिरवे पान दिसत नव्हते. मी मनातून खट्टू झालो होतो, कुणाला बोललो नाही. मृगाचा पाऊस झाला आणि आषाढाच्या सुमारास एक फोटो आला. नव्या शेडीची गुळगुळीत भिंत, तिच्या पायथ्याशी दादांनी शब्दाप्रमाणे सोडलेला हातभर मातीचा पट्टा आणि त्यात रांगेने उगवलेली खरखरीत, दातेरी पानांची रोपे. खणल्यामुळे खाली गाडलेले बी वर आले होते, त्याला उजेड मिळाला होता. खाली पोरीने लिहिले होते : ‘वहीला पैकीच्या पैकी. बाई म्हणाल्या, परकी असली तरी पत्ता कबनूरचाच लिहा.’

ह्या दिवाळीला आम्ही उभयता कबनूरला जाणार आहोत. सौभाग्यवतींनी विचारले, “फुले पाहायला तिकीट काढावे लागेल का?” मी म्हटले, “हातकणंगल्यापर्यंत रेल्वेचे.”